खुब्याच्या ऑपरेशनसाठी नसांचा ब्लॉक: घरच्यांना नेहमी पडणारे प्रश्न

खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाच्या घरच्यांशी माझी गाठ बहुतेक वेळा थिएटरच्या दारात पडते. एका हातात फाइल, काखेत चादर, आणि सही करायची घाई. त्या पाच मिनिटांत जे विचारलं जातं, आणि जे विचारायचं राहून जातं, ते इथे लिहिलं आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावात काम करतो, तेव्हा उत्तरं तिथल्या अनुभवातून आलेली आहेत. तुमच्या पेशंटचा निर्णय अर्थातच त्याला हात लावून तपासणारे डॉक्टर घेतील.

ब्लॉक म्हणजे नेमकं काय?

दात काढताना हिरडीत इंजेक्शन देतात, अर्धा ओठ जड होतो आणि दात कधी निघाला ते कळत नाही. तोच प्रकार, फक्त जागा वेगळी. खुब्याकडून वेदना वर नेणाऱ्या नसांच्या आजूबाजूला बधिरीचं औषध सोडायचं. पेशंट जागा असतो, बोलत असतो, फक्त त्या भागाची तक्रार मेंदूपर्यंत पोचत नाही. औषध बहुधा बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन. दातांच्या डॉक्टरकडे लिग्नोकेन असतं, त्याचीच ही जास्त टिकणारी भावंडं.

नस बंद करणार म्हणजे पायाचं रक्त थांबणार का?

नाही. घोटाळा आपल्या भाषेचा आहे. सलाईन लावतात तीही 'नस' आणि वेदना नेते तीही 'नस'. पहिली शीर, म्हणजे रक्ताची नळी. दुसरी मज्जातंतू. ब्लॉक दुसरीचा. रक्ताच्या नळीत सुई जाऊ नये म्हणून तर आम्ही सोनोग्राफीच्या पडद्याला डोळे लावून बसतो.

खुब्याला इतकं का दुखतं?

सांध्याभोवती जाड आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. वेदनेच्या तारा सगळ्यात दाट असतात त्या या आवरणाच्या पुढच्या बाजूला, जांघेकडे. त्या फिमोरल आणि ऑब्च्युरेटर या दोन मोठ्या नसांच्या फांद्या असतात. काही माणसांत अॅक्सेसरी ऑब्च्युरेटर नावाची तिसरी, जादाची नसही असते. आवरणाच्या मागच्या बाजूला सायॅटिककडून आणि तिच्या शेजारच्या छोट्या नसांकडून फांद्या येतात. आणि सर्जन जिथे कापतो ती मांडीच्या बाहेरच्या अंगाची कातडी? तिची नस आणखी वेगळी.

म्हणजे पुढचा सांधा, मागचा सांधा आणि कातडी असे तीन वेगळे हिशेब झाले. हे लक्षात राहिलं तर पुढची निम्मी उत्तरं तुम्ही स्वतःच द्याल.

मोडलेल्या हाडाचं आणखी एक आहे. मांडीचे स्नायू आकडतात, मोडलेली टोकं एकमेकांवर घासतात. म्हणून निपचित पडलेला माणूस 'बरं आहे' म्हणतो आणि चादर जराशी ओढली की किंचाळतो. हाड सांध्याच्या आवरणाबाहेर, मांडीच्या उंचवट्याजवळ मोडलं असेल तर हे दुखणं सहसा जास्त असतं.

कोणकोणते ब्लॉक असतात? आमच्या फाइलवर वेगळंच नाव लिहिलंय.

सगळ्यात जुना आणि सोपा म्हणजे फिमोरल ब्लॉक: जांघेत धमनीच्या बाजूला असलेली एक जाड नस बधिर करायची. दुखणं चांगलं कमी होतं, पण ही नस गुडघा ताठ ठेवणाऱ्या स्नायूचीही आहे, त्यामुळे पाय लुळा पडतो. १९७३ साली शिकागोच्या विनी यांनी एकाच सुईत तीन नसा पकडायची युक्ती सांगितली, तिला 'थ्री-इन-वन' म्हणायचे. कल्पना छान होती. पण ऑब्च्युरेटर नस त्यात बऱ्याचदा हुकायची.

मग आला फेशिया इलियाका ब्लॉक. ओटीपोटाच्या हाडाच्या आतल्या बाजूला इलियाकस नावाचा स्नायू असतो, त्यावर पातळ पण चिवट पडदा असतो. औषध या पडद्याखाली भरायचं, आणि पडद्याखालून जाणाऱ्या नसांपर्यंत ते आपलं आपण पसरतं. १९८९ साली फ्रान्समध्ये दालां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे लहान मुलांसाठी वर्णन केलं होतं. आज जगभर सगळ्यात जास्त ते म्हाताऱ्यांना दिलं जातं. यात नसेच्या अगदी जवळ सुई न्यायची गरज नसते, म्हणून तो शिकायला सोपा आणि बऱ्यापैकी निर्धोक आहे. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या नर्सही देतात. हल्ली आम्ही तो जांघेच्या घडीच्या वरून देतो, औषध वरपर्यंत चढतं आणि गुण जास्त येतो. मात्र औषध भरपूर लागतं, ३० ते ४० मिली.

आणि २०१८ साली टोरांटोहून आला पेंग ब्लॉक. 'पेरिकॅप्सुलर नर्व्ह ग्रुप' या शब्दांची आद्याक्षरं जुळवली की पेंग होतं. ज्यांनी तो मांडला त्या गटात फिलिप पेंग नावाचे डॉक्टर आहेत, हा योगायोग किती आणि गंमत किती ते तुम्हीच ठरवा. कल्पना अशी की मोठ्या नसांच्या वाटेला जायचंच नाही. त्यांच्या ज्या बारीक फांद्या सांध्याच्या पुढच्या आवरणात शिरतात, त्यांनाच हाडाच्या कडेला गाठायचं. त्या पहिल्या लेखात फक्त पाच पेशंट होते. दुखणं दहापैकी साधारण सात अंकांनी उतरलं आणि मांडीची ताकद शाबूत राहिली. पाच पेशंटच्या लेखावर एवढी उडी पडलेली आमच्या शाखेत क्वचितच दिसते.

कमरेतून मणक्याशेजारी खोलवर देतात तो लंबर प्लेक्सस ब्लॉक. तो सगळ्यात पूर्ण बधिर करतो, पण खोल असल्यामुळे आत रक्त साकळलं तर बाहेरून दाबता येत नाही, आणि औषध मणक्यात पसरू शकतं. मी स्वतः तो जवळजवळ सोडून दिला आहे.

पेंग ब्लॉक देताना नक्की काय करतात? फार दुखतं का?

पेशंटला उताणं झोपवलेलंच असतं, तसंच राहू देतात. कूस बदलावी लागत नाही, हा मोठाच फायदा. हाताला सलाईन, छातीला ईसीजीच्या तारा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. जांघेची कातडी औषधाने पुसून घेतली की पोटाच्या सोनोग्राफीला वापरतात तसा गोल तोंडाचा प्रोब ठेवायचा.

पडद्यावर आधी एक पांढरी, चकाकती, लाटेसारखी रेघ दिसते: ते हाड. तिच्यावर पांढरट लंबगोल दिसतो तो सोआस या कमरेतून मांडीकडे येणाऱ्या स्नायूचा कंडरा. त्याच्या आतल्या अंगाला धडधडणारं काळं वर्तुळ म्हणजे मांडीची धमनी. कातडीला थोडं लिग्नोकेन टोचलं की बाहेरच्या बाजूने लांब सुई तिरकी आत न्यायची, टोक कंडरा आणि हाड यांच्या फटीत येईपर्यंत. रक्त येत नाही ना ते ओढून पाहायचं. मग पाच-पाच मिली करत साधारण २० मिली औषध. जागा बरोबर असेल तर कंडरा हाडावरून हळूच उचलला जातो, बोट खाली सरकवून चादर उचलावी तसा. ते दिसलं की माझ्या खांद्यावरचा ताण उतरतो.

पेशंटला कळतं ते एवढंच: एक टोचणं, मग आत दाबल्यासारखं. सगळं मिळून दहा मिनिटं. गुण यायला आणखी १५ ते ३० मिनिटं.

ऑपरेशन उद्या आहे. मग ब्लॉक आज कशाला?

हा प्रश्न लोक विचारतात तो 'दोनदा पैसे कशाला' या अर्थाने. मला मात्र तो उलटा विचारावासा वाटतो: आज का नाही?

खुबा मोडलेल्या माणसाचे सगळ्यात वाईट तास ऑपरेशननंतरचे नसतात, आधीचे असतात. मोरीत पाय घसरतो. घरची चार माणसं उचलून खाटेवर टाकतात. रिक्षा, नाहीतर शेजाऱ्याची गाडी. गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं एक इंजेक्शन. मग आमच्याकडे एक्सरेच्या टेबलावर उचलून ठेवणं, पाय आत-बाहेर फिरवून फोटो, परत स्ट्रेचर, परत पलंग. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईपर्यंत, रक्त मिळेपर्यंत, इम्प्लांट येईपर्यंत एक रात्र, कधी दोन. या सगळ्या वेळात तो माणूस बेडपॅन घ्यायला नको म्हणून पाणी पीत नाही.

एका आजींचं सांगतो. ऐंशीच्या आसपास, वजन चाळीस किलो असेल नसेल. सोबत आलेल्या सुनेने मला हळूच सांगितलं, "सकाळपासनं लघवीलाच गेल्या नाहीत, उचलू देत नाहीत." मी पायाशी गेलो तर आजी, "हात नको लावू रे बाबा, पाया पडते." ब्लॉक दिला. वीस मिनिटांनी आलो तर आजी सुनेला विचारत होत्या की म्हशीची धार कोण काढणार. मी म्हटलं, "आजी, जरा टेकून बसता का?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग सुनेचा हात धरून हळूहळू उठून बसल्या. बसल्यावर पहिलं काय मागितलं तर बेडपॅन. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. मधली रात्र त्या झोपल्या.

म्हणून माझं म्हणणं, पेशंट आला, खुबा मोडल्याचं एक्सरेत दिसलं, की त्याच तासात ब्लॉकचं बोलणं व्हायला हवं. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की खुब्याचं ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी व्हावं, आणि पॅरासिटामॉल व अफूवर्गीय औषधांनी भागत नसेल तर ब्लॉकचा विचार करावा. आपल्याकडे अडचण औषधाची नसते. भूलतज्ज्ञाला फोन जातो तो ऑपरेशनची वेळ ठरल्यावर, ही अडचण. तो आधी जावा म्हणून तुम्ही विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

पायाला वजन लावून ठेवलंय. त्याने दुखणं कमी होतं ना?

लोकांचा यावर फार विश्वास आहे, काही डॉक्टरांचाही. पण ऑपरेशनआधी नुसतं कातडीवरून वजन लावल्याने खुब्याचं दुखणं कमी होतं असं अभ्यासांमधून दिसलेलं नाही. उलट पट्टीखाली म्हाताऱ्यांची पातळ कातडी सोलवटते, आणि माणूस एकाच कुशीला खिळून राहतो. काही विशिष्ट फ्रॅक्चरमध्ये सर्जनला ते हवं असतं, तिथे त्यांचं ऐका. दुखण्यावरचा उपाय म्हणून मात्र वजन ब्लॉकची जागा घेत नाही.

ब्लॉक दिला म्हणजे मणक्यातलं इंजेक्शन टळलं का?

नाही. वर तीन हिशेब सांगितले ते आठवा. पेंग ब्लॉकने पुढचा सांधा शांत होतो. मागचा सांधा आणि कातडी जागीच असते. एवढ्यावर हाडात रॉड ठोकता येत नाही. ऑपरेशनला भूल वेगळी लागतेच, कमरेतून किंवा पूर्ण. ब्लॉक ती भूल सुसह्य करतो: मणक्यात सुई देण्यासाठी बसवावं किंवा कुशीवर वळवावं लागतं, ते त्यामुळे जमतं. पूर्वी त्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागायचं, आणि अर्धवट झोपेतला म्हातारा माणूस नेमका सुई टेकवल्यावर हलायचा.

मग कमरेतून भूल चांगली की पूर्ण?

या वादात मी बरीच वर्षं कमरेच्या बाजूने होतो. २०२१ साली अमेरिका-कॅनडातला १६०० पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खुबा मोडलेल्यांपैकी निम्म्यांना कमरेतून, निम्म्यांना पूर्ण भूल. ६० दिवसांनी मृत्यू आणि चालण्याची क्षमता यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हापासून मी नातेवाइकांना 'पूर्ण भुलीने माणूस उठत नाही' या भीतीतून बाहेर काढायचा प्रयत्न करतो. हृदयाची झडप अरुंद असेल, रक्त पातळ असेल, तर पूर्ण भूल आणि सोबत ब्लॉक हेच शहाणपणाचं.

ब्लॉक किती तास टिकतो? रात्री उतरला तर?

एका इंजेक्शनचा असर साधारण ८ ते १६ तास. सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर थोडा जास्त. आणि हो, तो बहुतेक वेळा रात्री दोन-तीनलाच उतरतो, जेव्हा वॉर्डात एकच सिस्टर असते. उतरताना दुखणं एकदम अंगावर येतं. 'इंजेक्शन फेल गेलं' असं लोक म्हणतात ते याच वेळी.

उपाय साधा आहे. दुखत नसतानाच पॅरासिटामॉल वेळेवर चालू ठेवायचं, दर सहा तासांनी, सलाईनमधून नाहीतर गोळी. वजन ५० किलोच्या खाली असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डोस कमी. 'आत्ता दुखत नाहीये, गोळी नको' हे ऐकायचं नाही. ऑपरेशनला वेळ असेल तर ब्लॉक पुन्हा देता येतो. काही ठिकाणी बारीक नळी ठेवून थेंबाथेंबाने औषध सोडतात, पण ती सांभाळायला माणूस लागतो.

ब्लॉकनंतर बाबांना पाय उचलता येत नाहीये. लकवा झाला का?

फेशिया इलियाका किंवा फिमोरल ब्लॉकनंतर मांडी जड होणं अपेक्षित आहे. औषध उतरलं की ताकद परत येते. पेंगनंतर सहसा ताकद राहते, पण औषध जास्त झालं किंवा सुई थोडी वर राहिली तर तेही मोठ्या नसेपर्यंत झिरपतं. औषध उतरेपर्यंत कुणाच्या आधाराशिवाय उभं करू नका. पाय भक्कम वाटतो आणि गुडघा ऐन वेळी दगा देतो. एका खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस संडासच्या वाटेवर पुन्हा पडला, याहून वाईट काही नाही.

२४ तासांनंतरही बधिरपणा किंवा कमजोरी तशीच असेल, किंवा पाऊल वर उचलता येत नसेल, तर सांगा. पाऊल लुळं पडणं या ब्लॉकमुळे होत नाही, त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

आजी रात्री वातात बडबडायला लागल्या. भुलीचा परिणाम?

सगळा दोष भुलीवर जातो, त्याची मला सवय आहे. खुबा मोडलेल्या वृद्धांना भ्रम होण्याची कारणं डझनभर असतात: अंगातलं पाणी आणि सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, जंतुसंसर्ग, चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहणं, अनोळखी जागा, झोप नसणं. त्यात न शमलेलं दुखणं हे मोठं कारण, आणि दुखण्यावर दिलेली ट्रामाडॉलसारखी औषधं हे दुसरं. ब्लॉक या दोन्हींवर एकदम काम करतो. २०२० साली कोक्रेन या संस्थेने खुब्याच्या फ्रॅक्चरमधल्या ब्लॉकचे अभ्यास एकत्र तपासले. हालचालीचं दुखणं अर्ध्या तासात उतरतं हे पक्कं दिसलं. भ्रम आणि छातीचा संसर्गही कमी होतो असं दिसलं. भ्रमाचा हिशेब साधारण असा, की १२ जणांना ब्लॉक दिला तर एकाचा भ्रम टळतो.

तुम्ही करायचं ते: चष्मा आणून द्या, घरचं माणूस जवळ बसवा, दिवसा खिडकी उघडी ठेवा. हात-पाय बांधू नका, त्याने वात वाढतो.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. ब्लॉक चालेल?

अॅस्पिरिनने काही अडत नाही. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर कमरेतल्या इंजेक्शनसाठी ते ५ ते ७ दिवस बंद असावं लागतं, आणि मोडलेला खुबा इतके दिवस थांबवणं बरं नाही. इथेच ब्लॉक कामी येतो. फेशिया इलियाका ब्लॉक वरवरचा, दाबता येईल अशा जागी असतो, म्हणून अशा पेशंटलाही बहुधा देता येतो. पेंग जरा खोल आहे, तो माणूस पाहून ठरवायचा. लंबर प्लेक्सस नको. गोळीचं नाव आठवत नसेल तर 'ती छोटी गुलाबी' असं सांगू नका, पाकीटच आणा.

बधिरीचं औषध जास्त झालं तर?

बुपिव्हाकेनची मर्यादा आम्ही साधारण किलोमागे २ मिलिग्रॅम धरतो. वरच्या आजींचं वजन ४० किलो, म्हणजे ८० मिलिग्रॅम. पाव टक्क्याच्या औषधात दर मिलीला २.५ मिलिग्रॅम असतं, तेव्हा ३२ मिलीत कोटा संपला. त्यातच सर्जन शेवटी जखमेत 'थोडं लोकल', म्हणजे बधिरीचंच औषध, मारतात, तेही याच खात्यात धरायचं. हे थिएटरमध्ये मोठ्याने बोलून घ्यावं लागतं, नाहीतर दोघंही आपापल्या परीने योग्य डोस देतात आणि बेरीज चुकते.

औषध रक्तात जास्त गेलं तर ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात आवाज, मग झटके, आणि शेवटी हृदयाची लय बिघडते. असं फार क्वचित होतं. त्यावर उताराही आहे: २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन, दुधासारखं पांढरं, शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण. त्याचा हा उपयोग १९९८ साली शिकागोत उंदरांवर दिसला आणि २००६ साली पहिल्यांदा माणसाचा जीव त्याने वाचला. ब्लॉक जिथे देतात तिथे ही बाटली हाताशी असली पाहिजे. आणि ब्लॉकनंतर अर्धा तास पेशंटवर लक्ष हवं.

आणखी काही धोका?

टोचल्या जागी काळंनिळं होणं, क्वचित संसर्ग, त्याहून क्वचित नसेला इजा. यातल्या बहुतेक इजा काही आठवड्यांत भरून येतात. ब्लॉकचा गुण न येणं हे या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा होतं, आणि ते सांगायला डॉक्टर लाजतात.

एक चूक मात्र शंभर टक्के टाळण्यासारखी: चुकीच्या बाजूला ब्लॉक. हसू नका, जगभर होते. ब्रिटनमध्ये तर त्यासाठी 'सुई टोचण्याआधी थांबा' अशी मोहीमच काढावी लागली. मोडलेल्या पायावर पेनाने खूण केली आहे का ते बघा. नसेल तर सिस्टरला सांगा.

आमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाकडे सोनोग्राफी नाही. का?

याचं उत्तर वैद्यकीय कमी आणि कायदेशीर जास्त आहे. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंद असते, ती जागेशी बांधलेली असते, आणि वापरणाऱ्याचीही नोंद लागते. आपल्याकडचा भूलतज्ज्ञ दिवसात चार नर्सिंग होम फिरतो. बाकी सगळं सामान त्याच्या बॅगेत असतं, मशीन मात्र बॅगेत घालून नेता येत नाही. जांघेच्या ब्लॉकचा गर्भाशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण मशीनला ते माहीत नसतं, आणि ज्या कारणासाठी कायदा आला ते कारण महाराष्ट्राला चांगलंच ठाऊक आहे. मला चिडचिड होते, पण कायदा चुकीचा आहे असं म्हणवत नाही.

सोनोग्राफीशिवाय फेशिया इलियाका ब्लॉक देता येतो. हाडाच्या दोन खुणा मोजून बोथट सुईने दोन पडदे पार करायचे, हाताला 'टक्, टक्' असं दोनदा जाणवतं. गुण येण्याची खात्री थोडी कमी, पण काहीच न देण्यापेक्षा कितीतरी बरं. पेंग ब्लॉक मात्र मशीनशिवाय देऊ नये.

ठरवून खुबा बदलायचा आहे. तेव्हाही ब्लॉक हवाच का?

हवाच असं नाही. आपल्याकडे खुबा बदलणारे बरेच जण तरुण असतात, मांडीच्या हाडाचं गोल डोकं खुब्यात बसतं, त्याचा रक्तपुरवठा गेलेले. स्टेरॉइड, दारू ही कारणं, आणि गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलही. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये पॅरासिटामॉल, सूज कमी करणारी गोळी, डेक्सामेथासोनचा एक डोस आणि सर्जनने सांध्याभोवती टोचलेलं औषध, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. किडनीमुळे गोळ्या चालत नसतील किंवा दुखणं जास्त होईल असं वाटत असेल, तर एकदाच दिलेला फेशिया इलियाका ब्लॉक चांगला. फिमोरल नको, कारण त्याच संध्याकाळी चालवायचं असतं.

'ऑपरेशन झेपणार नाही' असं सांगून घरी पाठवलंय. मग?

तेव्हाही ब्लॉकचा पर्याय असतो. अंथरुणाला खिळलेल्या, थोडेच दिवस राहिलेल्या माणसासाठी याच जागी नस दीर्घकाळ बधिर करणारं अल्कोहोल किंवा फिनॉल देता येतं. हाड जुळत नाही, पण कूस बदलता येते, अंग पुसता येतं. वेदनातज्ज्ञाला विचारा. फार कमी लोक विचारतात.

ब्लॉक दिलाय, ऑपरेशन दुपारी आहे. चहा देऊ का?

ब्लॉकमुळे उपाशी राहायचं कारण नाही, भुलीमुळे आहे. दुधाचा चहा म्हणजे दूध, तो आणि जेवण ऑपरेशनच्या ६ तास आधी बंद. कोरा चहा, साधं पाणी, गाळलेलं नारळपाणी २ तास आधीपर्यंत चालतं. रात्री दहापासून तोंडाला पाण्याचा थेंब नाही अशी आजी दुपारी दोनला थिएटरमध्ये आणू नका. सलाईनसाठी शीर सापडत नाही, बीपी पडतं आणि संध्याकाळी वात होतो. कोरा चहा किती वाजेपर्यंत चालेल ते वॉर्डातल्या सिस्टरला विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.